परभूमीतला पुष्किनदिन

इ. स. १९२५ पासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत जगाच्या पाठीवर विखुरलेले रशियन निर्वासित दरवर्षी जून महिन्यात एक उत्सव साजरा करीत असत. 'रशियन संस्कृतीचा दिवस' हे त्याचे नाव. प्राग, पॅरिस, बेलग्रेड, रीगा, हार्बिन अशा परस्परांपासून शेकडो, हजारो कोस दूर असलेल्या नगरांत एकाच सुमारास सभा भरत, गाणी होत, मुले कविता म्हणत; आणि ह्या सर्व सोहळ्याचे दैवत एक कवी असे. तो कवी अलेक्सांद्र पुष्किन. अशा उत्सवांबद्दल बहुधा गौरवाच्याच सुरात लिहिले जाते. आम्हांस येथे त्याची परीक्षा करावयाची आहे. नाटकाची किंवा कादंबरीची परीक्षा होते तशी उत्सवाचीही व्हावयास हरकत नसावी. उत्सव हीही एक रचनाच असते. तीत काय घ्यावयाचे व काय गाळावयाचे हे कोणीतरी ठरविलेले असते, आणि कोणाच्या तरी पदरचे पैसे व श्रम तीत खर्ची पडलेले असतात. ज्यांच्या घरी देवस्थानाच्या वार्षिक उत्सवाची वर्गणीची पावती येते, त्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

हे लोक देशाबाहेर आले कसे, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९१७ ची क्रांती व तिच्यामागून आलेले यादवी युद्ध ह्यांमुळे दहा ते वीस लाख माणसे रशियाबाहेर पडली असे मानले जाते. एकट्या १९२० च्या नोव्हेंबरात जनरल व्रांगेल ह्याच्या पराभूत सैन्याबरोबर सुमारे दीड लाख लोक क्रिमियाच्या बंदरांतून जहाजांवर चढले व कॉन्स्टँटिनोपलच्या धक्क्यास लागले. त्यांत सरदार होते, कोसॅक होते, प्राध्यापक, वकील, धर्मोपदेशक, विधवा आणि पोरकी मुलेही होती. पुढल्याच वर्षी सोव्हिएत सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९२२ साली राष्ट्रसंघाचे आयुक्त नान्सेन ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा परवाना त्यांच्या हाती आला, आणि 'कोठलाच नसलेला माणूस' ही एक नवी जात कागदोपत्री जन्मास आली. आरंभीची काही वर्षे हे लोक, आज ना उद्या परत जावयाचे आहे अशा समजुतीने, गाठोडी न सोडताच राहिले. मुले मात्र वाट पाहत थांबत नाहीत; ती वाढतात.

ह्या उत्सवाचा उगम मुलांच्या चिंतेत आहे, आणि तो लक्षात न घेता त्याचे मूल्यमापन करणे अन्यायाचे होईल. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने अध्यक्ष मासारिक ह्यांच्या पुढाकाराने रशियन निर्वासितांस उदार आश्रय दिला होता. तेथील मोराव्स्का त्रेबोवा ह्या गावी कॉन्स्टँटिनोपलहून हलविलेली एक रशियन शाळा होती. १९२३ च्या १२ डिसेंबरास त्या शाळेतील मुलांस अकस्मात वर्गात बसवून सांगण्यात आले की, १९१७ पासून ह्या शाळेत येईपर्यंत तुम्हांस जे आठवते ते लिहा. पूर्वसूचना नाही, तयारी नाही, अवधी दोन तासांचा. मुलांनी लिहिले. कोणी बापास डोळ्यांदेखत नेल्याचे लिहिले, कोणी उपासमारीचे, कोणी स्वतः हाती बंदूक धरल्याचे. प्रागमधील रशियन शाळांच्या शिक्षणमंडळाने हे लेखन १९२४ साली प्रसिद्ध केले व पुढे इतर शाळांतूनही असे निबंध मागविले. त्यांची संख्या सुमारे २,४०० झाली. मंडळाचे प्रमुख होते वासिली झेन्कोव्स्की, तत्त्वज्ञ व बालमानसाचे अभ्यासक. ह्याच मंडळाने संस्कृतीदिनाची कल्पना उचलून धरली. ज्या मुलांस 'रशिया' म्हटले की आग व प्रेते आठवत होती, त्यांस त्याच नावाने आठवावयास दुसरे काहीतरी द्यावे, असा त्या योजनेमागील विचार होता. एस्टोनियातील रशियन समाजाने तर १९२४ सालीच 'रशियन प्रबोधनाचा दिवस' पाळला होता. पुढील वर्षी हे लोण सर्वत्र पोहोचले.

मग कवीच का? राष्ट्रध्वज का नव्हे, राजा का नव्हे, देव का नव्हे? ह्याचे उत्तर निर्वासितांच्या कलहांत सापडते. राजसत्तावादी व प्रजासत्ताकवादी एका पंगतीस बसत नसत. समाजवाद्यांतच चार तट होते. १९२६ व १९२७ ह्या वर्षांत धर्मपीठाचीही शकले झाली, काही मंडळी सर्बियातील कार्लोव्सी येथील धर्मसभेस मानू लागली, तर काही पॅरिसच्या येव्लोगी ह्या धर्माचार्यांस. राष्ट्रगीत कोणते म्हणावे ह्यावरही एकमत होणे नव्हते. फार काय, पंचांगही दोन! पुष्किनचा जन्म जुन्या कालगणनेने १७९९ च्या मे महिन्याच्या २६ तारखेचा. अठराव्या शतकाच्या हिशेबाने तो नव्या कालगणनेत ६ जूनला पडतो, विसाव्या शतकाच्या हिशेबाने ८ जूनला. निर्वासितांनी ८ जून धरला. आमच्याकडे तिथीची वृद्धि-क्षय जुळविताना ज्यांनी वाद ऐकले आहेत त्यांस ह्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. अशा स्थितीत सर्वांस चालेल असे एकच नाव उरले होते.

ते नाव काही निर्वासितांनीच प्रथम शोधले असेही नाही. १९२१ च्या फेब्रुवारीत पेट्रोग्राडमधील 'लेखकगृहा'ने पुष्किनच्या मृत्युदिनी दरवर्षी स्मरण करावे असे ठरविले होते. त्या निमित्ताने अलेक्सांद्र ब्लोक बोलला आणि व्लादिस्लाव खोदासेविचही बोलला. थंडी आणि उपासमार ह्यांनी अर्धमेल्या झालेल्या त्या शहरात खोदासेविचने सांगितले ते भाकितच होते: पुष्किन लोकांस दिसेनासा होण्याचे दिवस येत आहेत, आणि त्या काळात परस्परांची ओळख पटविण्यास त्याचे नाव खुणेसारखे उपयोगी पडेल, असा त्याचा आशय. ब्लोक त्याच वर्षीच्या ऑगस्टात वारला; खोदासेविच पुढल्या वर्षी देश सोडून गेला. म्हणजे ह्या नावाची खूण देशत्यागापूर्वीच ठरलेली होती. पेट्रोग्राडकरांनी मृत्युदिन निवडला व निर्वासितांनी जन्मदिन निवडला, एवढाच भेद. पण तो भेद लहान नाही. मुलांसाठी करावयाच्या उत्सवात सुतक चालत नाही.

उत्सवाचा कार्यक्रम साधारणपणे ठरीव असे. सकाळी प्रार्थना, नंतर सभा, एखाद्या नामवंताचे व्याख्यान, वाद्यवृंद, 'येवगेनी ओनेगिन' संगीतिकेतील प्रवेश, मुलांचे काव्यगायन व नाट्यप्रवेश. काही ठिकाणी त्या दिवसापुरते एक वृत्तपत्र छापले जाई. पॅरिसमध्ये टॅक्सी हाकणारा माजी कर्नल, कारखान्यात खपणारा कोसॅक, दिवसभर शिवणकाम करणारी सरदारकन्या ही सर्व माणसे त्या सायंकाळी आपला एकुलता चांगला पोशाख चढवून येत. वर्षातून एक दिवस त्यांस आपण कोण आहोत हे कोणास सांगावे लागत नसे. ह्या समाधानाची किंमत आम्ही कमी लेखीत नाही. जे समाज आपल्या भाषेच्या मुलुखापासून तुटून इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे वसले आहेत, त्यांच्या वार्षिक उत्सवांची मांडणीही फारशी निराळी नसते.

सर्वांत जिवंत उत्सव आम्हांस एस्टोनियातला वाटतो, आणि ह्याला कारण आहे. तेथील सरहद्दीवर, पेचोरीच्या परिसरात व पेप्सी सरोवराच्या काठी, रशियन शेतकरी व कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ते कोठून पळून आलेले नव्हते, सरहद्दच त्यांच्या अंगावरून सरकली होती. ह्या लोकांच्या गावी शहरातील शिक्षक गेले, वाचनालये व गायनमंडळ्या निघाल्या, आणि संस्कृतीचा दिवस हा व्याख्यानाचा दिवस न राहता गाण्याचा दिवस झाला. १९३७ साली नार्वा येथे व १९३९ साली पेचोरी येथे मोठे रशियन गीतमहोत्सव झाले. गावोगावच्या मंडळ्या एका सुरात गाऊ लागल्या म्हणजे पुष्किनवर भाषण कोणी केले हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. १९४० साली सोव्हिएत सैन्याने एस्टोनिया घेतला तेव्हा हे सर्व संपले.

इतरत्र मात्र उत्सवाने वेगळे वळण घेतले. आमच्या देवळांत मूलमूर्ती व उत्सवमूर्ती असा भेद असतो. मूलमूर्ती गर्भगृहात अचल; उत्सवमूर्ती पालखीतून मिरविण्यासाठी, हलकी, नटविता येण्याजोगी. निर्वासितांनी पुष्किनची उत्सवमूर्ती घडविली, आणि वर्षामागून वर्षे तीच मिरविली. व्यासपीठावरचा हा पुष्किन उजळ, समतोल, देशभक्त, सर्वांचा वडीलधारा असा होता. १९३७ च्या शताब्दीच्या वेळी तर त्यास ऋषीच करण्यात आले. इव्हान इल्यिन ह्यांनी रीगा येथे त्याच्या द्रष्टेपणावर भाषण केले. सेर्गेय बुल्गाकोव ह्या धर्मशास्त्रज्ञांनी त्याच्या द्वंद्वयुद्धातील मृत्यूस आत्मशुद्धीचा अर्थ लावला. बुल्गाकोवांचे लेखन विचारी आहे, त्यात कवीच्या पतनाची कबुलीही आहे. परंतु सभागृहात पोहोचेपर्यंत अशा विचारांतील कबुली गळते व द्रष्टेपण तेवढे उरते.

गर्भगृहातला पुष्किन निराळाच होता, आणि गंमत अशी की निर्वासितांच्या मुलांस तो अधिक जवळचा वाटला असता. पॅरिसमधील रशियन आईबापांस मोठी भीती कशाची होती? मुले फ्रेंच होऊन जातील ह्याची. 'राष्ट्रीयत्व गळणे' ह्या अर्थाचा एक जड शब्द त्या काळच्या त्यांच्या पत्रव्यवहारात वारंवार येतो. आणि ज्याच्या नावाने हा धोका टाळावयाचा, तो पुष्किन बाळपणी फ्रेंच पुस्तकांवर वाढला होता, त्याचे पहिले पोरवयातील पद्य फ्रेंच होते, शाळेतल्या सोबत्यांनी त्यास 'फ्रेंच' हेच टोपणनाव दिले होते. त्याच्या मातेकडील पणजोबा आफ्रिकेतून कॉन्स्टँटिनोपलमार्गे रशियात आणलेला मुलगा होता. कॉन्स्टँटिनोपलच्या धक्क्यावर उतरलेल्या मुलांस ही गोष्ट रंगवून सांगावी अशी आहे. पुन्हा, देशाबाहेर पडलेल्यांच्या ह्या दैवतास स्वतःला मात्र कधीच देशाबाहेर जाऊ दिले गेले नाही. आधी दक्षिणेत व नंतर आईच्या मिखायलोव्स्कोये ह्या जहागिरीवर असा सहा वर्षांचा वनवास त्याने देशातच भोगला. १८३० साली त्याने फ्रान्स किंवा इटली किंवा निदान चीनकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर जाण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्याच्या आदल्या वर्षी कॉकेशसमध्ये एक नदी ओलांडून, अखेर आपण सीमेपार गेलो ह्या आनंदात त्याने घोडा पलीकडच्या काठावर चढविला, तो समजले की तो काठही रशियन सैन्याने आधीच जिंकलेला आहे! हा उपहास तो स्वतःच लिहून गेला आहे. तारुण्यातील एका पाखंडी काव्याबद्दल त्यास १८२८ साली चौकशीस तोंड द्यावे लागले होते, हेही उत्सवमूर्तीच्या अलंकारांत बसण्यासारखे नव्हते.

मूर्ती नटविली म्हणून आमची तक्रार नाही. मिरवणुकीस नटलेली मूर्तीच लागते. आमची तक्रार ही की, उत्सवमूर्ती देवळात परत आणून ठेवल्यावर लोकांनी गर्भगृहाकडे जावे अशी व्यवस्था त्यांनी पुरेशी केली नाही. ह्या बाबतीत साक्ष देण्यास त्यांचेच सर्वोत्तम लेखक पुरेसे आहेत.

पॅरिसमध्ये रशियन लेखक व पत्रकार ह्यांचा एक संघ होता. त्याचे अध्यक्ष इतिहासकार व राजकारणी पावेल मिल्युकोव. हा संघ दरवर्षी १३ जानेवारीस, जुन्या पंचांगाच्या नववर्षाच्या पूर्वसंध्येस, नृत्यसमारंभ भरवी व त्याच्या उत्पन्नातून गरजू लेखकांस साहाय्य करी. व्यवस्था चांगली होती; पण तिच्यावर विसंबून राहणाऱ्या लेखकांची संख्या पाहिली म्हणजे वाचक किती थोडे होते ह्याचाही अंदाज येतो. कवितेची पुस्तके काहीशे प्रतींची निघत. १९३३ हे वर्ष घ्या. त्या वर्षी इव्हान बुनिन ह्यास नोबेल पारितोषिक मिळाले व सारा निर्वासित समाज आपल्यासच ते मिळाले अशा हर्षाने उभा राहिला. त्याच वर्षी खोदासेविचने निर्वासित वाङ्मयावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे, आमच्या शब्दांत सांगावयाचे तर, असे: हे वाङ्मय देशाबाहेर आहे म्हणून मरत नाही; देशाबाहेर असण्याचा अर्थ त्याने पुरता अंगी लावून घेतला नाही, जुने ते जपण्यातच ते समाधान मानते, म्हणून त्याचा श्वास कोंडत आहे. आम्हांस त्या काळातील इतके कठोर व इतके खरे आत्मपरीक्षण दुसरे आढळलेले नाही. हे लिहिणारा मनुष्य पुष्किनचा त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ जाणता होता. संस्कृतीदिनाच्या दैवताचे चरित्र लिहिण्याची त्याची योजना रोजच्या भाकरीच्या लेखनाखाली दबून अपुरीच राहिली. १९३९ च्या जूनमध्ये, म्हणजे उत्सवाच्या महिन्यातच, तो दारिद्र्यात वारला.

'समकालीन टिपणे' हे निर्वासितांचे सर्वांत भारदस्त नियतकालिक. १९२० ते १९४० ह्या काळात त्याचे ७० अंक निघाले. त्याच्या संपादकांच्या निष्ठेविषयी कोणीही आदरानेच बोलेल. ह्याच नियतकालिकात १९३७ व १९३८ साली व्लादिमीर नाबोकोवची 'देणगी' ही कादंबरी क्रमशः आली. बर्लिनमधील एका तरुण निर्वासित कवीची ही कथा. तीत पुष्किन हा श्वासाप्रमाणे आहे. नायक त्याच्या गद्यावर आपला कान तयार करतो, आणि अखेरचा परिच्छेद गद्यासारखा छापलेला असला तरी 'ओनेगिन'च्या कडव्याच्या घाटात बांधलेला आहे. परकी भूमी पुष्किनला काय देऊ शकते ह्याचे ह्याहून मोठे उत्तर कोणी दिले नाही. तथापि ह्या कादंबरीचे चौथे प्रकरण संपादकांनी छापले नाही. त्यात एकोणिसाव्या शतकातील क्रांतिकारक लेखक चेर्निशेव्स्की ह्याचे उपरोधिक चरित्र होते, आणि चेर्निशेव्स्की हे त्या समाजवादी संपादकांचे श्रद्धास्थान. संपूर्ण कादंबरी १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली. पुष्किन ज्या सरकारी तपासनिसांशी आयुष्यभर झगडला त्यांच्या हातून सुटून आलेल्या लोकांनी, पुष्किनच्याच शताब्दीच्या सुमारास, त्याच्या खऱ्या वारसाच्या पुस्तकातील एक प्रकरण कापावे, ह्यावर टीकाकाराने अधिक काय लिहावे?

तरुणांची गोष्ट तर ह्याहूनही करुण. १९३० ते १९३४ ह्या वर्षांत निकोलाय ओत्सुप ह्याच्या संपादकत्वाखाली 'अंक' ह्या नावाचे एक सुबक नियतकालिक निघत असे. त्यात गेओर्गी आदामोविच व बोरिस पोप्लाव्स्की ह्यांनी पुष्किनकडे पाठ फिरविली व लेर्मोंतोवला जवळ केले. पुष्किन फार नितळ, फार सुखरूप. आमच्या उपाशी रात्रींत त्याचे काय काम, असा त्यांचा सूर. खोदासेविच संतापला व दोघांत वर्षानुवर्षे वाद चालला. वाङ्मयदृष्ट्या खोदासेविचचीच बाजू आम्हांस बळकट वाटते. तरी ही मुले ज्या पुष्किनला कंटाळली तो पालखीतला पुष्किन होता, आणि तो त्यांच्या वाट्यास वर्षाच्या वर्षी वडिलांनी वाढला होता. पोप्लाव्स्की १९३५ साली ३२ व्या वर्षी मादक द्रव्याने मेला. ह्या पिढीवर व्लादिमीर वार्शाव्स्कीने १९५६ साली पुस्तक लिहिले त्याचे नावच 'दुर्लक्षित पिढी' असे आहे. मारीना त्स्वेतायेवा ह्या दोन्ही पंथांबाहेरची. शताब्दीच्या वर्षी तिने 'माझा पुष्किन' हा निबंध लिहिला: बाळपणी पाहिलेले द्वंद्वयुद्धाचे चित्र, मॉस्कोतील काळा पुतळा, कपाटात चोरून वाचलेले जाड पुस्तक. समितीच्या पुष्किनला ह्यात कोठेच जागा नाही. येथे एक मूल आणि एक कवी एवढेच आहेत. झेन्कोव्स्कींच्या मंडळास १९२५ साली जे हवे होते ते हेच होते असे आम्हांस वाटते, आणि ते एका एकाकी बाईने, कोणाच्या ठरावावाचून, दिले. १९३९ साली ती सोव्हिएत रशियात परतली. त्याच वर्षी तिची मुलगी व नवरा पकडले गेले. १९४१ च्या ३१ ऑगस्टास येलाबुगा येथे तिने गळफास घेतला.

ह्या दिवसास एक प्रतिस्पर्धीही निघाला. १९३० च्या सुमारास, विशेषतः युगोस्लाव्हियातील धर्मनिष्ठ मंडळींस वाटू लागले की, रशियाचा उत्सव करावयाचा तर तो रशियास ख्रिस्ती धर्माची दीक्षा देणाऱ्या संत व्लादिमीरच्या नावाने, जुलैच्या २८ तारखेस करावा. कवी हा शेवटी कवीच. १९३८ साली त्या दीक्षेस ९५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा ह्या पक्षास मोठा जोर आला. आमचे वाचक बहुधा संताच्या बाजूने कौल देतील, आणि एका दृष्टीने ते बरोबरही ठरेल: संताच्या दिवसास समिती लागत नाही, पुजारी आहे, पोथी आहे, घंटा आहे, तोवर तो होतो. पण संताच्या नावाने ज्यू रशियन, नास्तिक रशियन, पाखंडी ठरविलेला रशियन वगळला गेला असता. पुष्किनने तो दरवाजा उघडा ठेवला, हे त्या पहिल्या निवडीचे श्रेय कोणी नाकारू नये.

१९३७ चे वर्ष हे ह्या उत्सवाचे शिखर, आणि त्याची विटंबनाही. पॅरिसमध्ये वासिली माक्लाकोव ह्यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती समिती झाली. नर्तक सेर्ज लिफार ह्याने प्लेयेल सभागृहात पुष्किन व त्याचा काळ ह्यांचे प्रदर्शन मांडले. द्यागिलेवच्या संग्रहातून त्याच्याकडे आलेली, पुष्किनने आपल्या वाग्दत्त वधूस लिहिलेली मूळ पत्रे त्यात होती. त्याच वेळी मॉस्कोतही शताब्दी चालू होती, सरकारी थाटाची, लक्षावधी प्रतींची. त्सारस्कोये सेलो ह्या गावाचे नाव त्या वर्षी पुष्किन झाले; आणि त्याच वर्षी लाखो माणसे रात्रीअपरात्री उचलली गेली. दोन पुष्किन एकाच वर्षी मिरविले गेले, दोघांचाही चेहरा संगमरवरी, दोघेही निष्कलंक. निर्वासितांची खरी अडचण येथे होती. त्यांनी आपल्या कवीस इतके गुळगुळीत करून ठेवले होते की शत्रूच्या पालखीतल्या मूर्तीपासून त्यास वेगळा ओळखणे कठीण झाले.

शांघायच्या रशियनांनी त्या वर्षी फेब्रुवारीत पुष्किनचे स्मारक उभारले. १९४४ साली जपान्यांनी ते काढून नेले. १९४७ साली पुन्हा बसविले गेले. १९४९ साली तेथील हजारो रशियन फिलिपीन्समधील तुबाबाओ ह्या बेटावर तंबूंत राहावयास गेले, पुतळा मागे राहिला. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत तो फोडला गेला. १९८७ साली तिसऱ्यांदा उभा राहिला. मूर्ती हलविणे व पुन्हा प्रतिष्ठापना करणे म्हणजे काय हे ज्या गोमंतकीयांस कुशस्थळीच्या मंगेशाच्या व केळशीच्या शांतादुर्गेच्या इतिहासावरून ठाऊक आहे, त्यांनी एक भेद मात्र पाहावा. मंगेश निघाला तेव्हा महाजन बरोबर निघाले. शांघायमध्ये भक्त निघून गेले, आणि स्मारक परक्यांनी सांभाळले.

मग मुलांचे काय झाले? वर्षातील एका दिवसाने भाषा राहत नाही हे शिक्षकांस लवकरच कळले. फ्रान्समध्ये त्या काळी शाळांस गुरुवारी सुटी असे, म्हणून 'गुरुवारच्या शाळा' निघाल्या. एखाद्या प्रार्थनामंदिराच्या तळघरात, आठवड्याचे दोनतीन तास, व्याकरण, धर्म व इतिहास. ह्यांची कीर्ती कोणी गायिली नाही. उन्हाळ्यातील छावण्या त्याहूनही परिणामकारक ठरल्या. 'वित्याझ' ह्या, १९३४ साली निघालेल्या तरुणसंघटनेची आल्प्समधील लाफ्रे येथील छावणी घ्या: महिनाभर तंबूत राहावयाचे, लाकडे फोडावयाची, आपले जेवण आपण करावयाचे, भांडावयाचेही रशियनमध्येच. तेथे जन्मलेली मैत्री, पुढे विवाह, आणि पुन्हा त्या विवाहांतील मुले त्याच छावणीत, असा क्रम पिढ्यांमागून पिढ्या चालला. भाषेस स्वयंपाक व भांडण ह्या दोन गोष्टी लागतात. व्याख्यानास त्या परवडत नाहीत. मध्यवर्ती समित्यांनी व्याख्यात्यांवर खर्च केलेल्या शक्तीतील अर्धी शक्ती जरी ह्या तळघरांकडे व तंबूंकडे वळविली असती, तरी दुर्लक्षित पिढीच्या धाकट्या भावंडांची कहाणी कदाचित निराळी झाली असती. ज्या संस्थांनी बारमाही काम केले त्या तगल्या. पॅरिसमधील १८७५ साली स्थापन झालेले तुर्गेनेव्ह वाचनालय १९४० साली जर्मनांनी समूळ लुटून नेले, तरी १९५९ साली ते पुन्हा उघडले.

ह्या कथेचा उत्तरार्ध निर्वासितांच्या हातचा नाही. १९९७ साली रशियाच्या अध्यक्षांनी ६ जून हा पुष्किनदिन म्हणून जाहीर केला. २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाने तोच दिवस रशियन भाषेचा दिवस ठरविला. परागंदा शिक्षकांनी पोरक्या मुलांसाठी योजलेली कल्पना सरकारी पंचांगात गेली, आणि तेथे कोणाचे नाव लिहिलेले नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केल्यानंतर युक्रेनमधील गावोगावचे पुष्किनचे पुतळे खाली उतरविले गेले. काहींस हा अरसिकपणा वाटला. आम्हांस असे वाटते की, उत्सवमूर्ती कोणाच्याही पालखीत बसू शकते ही गोष्ट त्या लोकांनी आमच्याहून आधी ओळखली. पालखी रणगाड्यामागून येत असेल तर आतील मूर्तीकडे निवांतपणे पाहत बसणे कोणास शक्य आहे? पुष्किनच्या ग्रंथांचे त्याने काही बिघडत नाही, परंतु पुतळ्याचे समर्थन ग्रंथांच्या पुण्याईवर करू नये.

त्याच वर्षी लाखो रशियन पुन्हा देशाबाहेर पडले. तिबिलिसी, येरेवान, बर्लिन, बेलग्रेड. बेलग्रेडमध्ये १९३३ साली पहिल्या निर्वासितांसाठी बांधलेले 'रशियन भवन' अद्याप उभे आहे. वाचनालय, नाट्यगृह, शाळा अशा हेतूंनी ते उभारले गेले होते. आज ते रशियन सरकारचे सांस्कृतिक केंद्र आहे. ज्यांनी ह्याच सरकारच्या युद्धामुळे घर सोडले त्यांस ६ जूनचा दिवस पाळावयाचा असेल, तर एक तर त्या भवनाची पायरी चढावी लागेल, नाही तर कोठे तरी भाड्याची खोली पाहावी लागेल. खोलीच पाहावी असे आम्ही सुचवू, आणि तीही दर आठवड्यासाठी. त्यांची मुले सर्बियन शाळांत बसू लागली आहेत.